ढवळणं थांबल्यावर

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. दर पितृपक्षात मी तुमच्या नावाचं पान कावळ्याला ठेवतो आणि मागे न बघता घरात येतो. कावळा शिवला की नाही हे बायको बघते. देवाधर्माचं आहे म्हणून करतो, तुमच्यासाठी नाही.

डहाणूच्या फुग्यांच्या फॅक्टरीत तुम्ही मिक्सिंगचे मुकादम होता. आम्हा दोघा भावांना तिथे चिकटवलंत, एकेका पिंपावर उभं केलंत. रबराचं ते पांढरं दूध कसं ढवळायचं हे तुम्ही शिकवलंत, ते मी नाकारत नाही. सावकाश, एका लयीत, नाहीतर फेस येतो, गाठी होतात, साच्यावर फुगा कुठे जाड कुठे पातळ बसतो. दुधाशी तुम्ही फार जपून वागायचात. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही माझ्याजवळ येऊन बसायचात, डब्यातली सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर ठेवायचात आणि हळूच म्हणायचात, ‘‘धाकटा काय म्हणतो ठाऊक आहे? दादा तोंडाने देवाचं नाव घेतो आणि हाताने कामचोरी करतो.’’ त्या दुपारी मी दात-ओठ खाऊन काम करायचो. पलीकडे धाकटाही तसाच राबत असायचा. का, ते मला ठाऊक नव्हतं. एकदा शेठना तुम्ही हसत सांगितलेलं मी ऐकलं, ‘‘दोघांत चुरस असली की माल जास्त निघतो, शेठ.’’ ऐकूनही मला कळलं नाही. पोटची पोरं होतो आम्ही, बैल नव्हतो.

धाकटा तलासरीला निघून गेला, तिथेच संसार थाटला. तुमच्या तेराव्यालाही आम्ही पाहुण्यांसारखे बोललो.

यंदा महालक्ष्मीच्या जत्रेत तो समोर आला. दर्शन घेऊन उतरत होता. पायरीलगतच्या टपरीवर चहाला बसलो. कप खाली ठेवून त्याने विचारलं, ‘‘दादा, ‘मी नसतो तर धाकटा गुरं राखत बसला असता’, असं तू माझ्याबद्दल खरंच म्हणायचास?’’

‘‘कुणी सांगितलं तुला?’’

‘‘अजून कोण सांगणार? बाबांनी.’’

मग तुम्ही त्याच्या नावावर मला काय सांगायचात ते मी सांगितलं. ‘‘देवीच्या पायरीशी बसून सांगतो, असं मी कधी बोललो नाही. अरे, कामचोर तर मी होतो! तुला कुठल्या तोंडाने म्हणू?’’ आम्ही दोघं हसलो. ‘‘म्हातारा भारीच निघाला,’’ तो म्हणाला. पण बाकड्यावर आमच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. सगळं उघड झाल्यावरही तो सरकला नाही, मीही नाही. उठताना म्हणाला, ‘‘वैशाखात पोरीचं लग्न आहे. मोठे काका म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवायला येशील ना?’’ मी म्हटलं, ‘‘बघतो.’’

परवा फॅक्टरीत तपासणीच्या दोन काचेच्या कांड्या दोऱ्याने एका पिंपात शेजारी शेजारी सोडल्या होत्या. मशीन फिरायला लागलं तशा त्या एकमेकींपासून लांब झाल्या. मध्ये दुधाशिवाय काही नाही, कुणी कुणाला ढकलत नाही. मशीन बंद केलं, वरची साय स्थिर झाली, तरी कांड्या लांबच. जवळ यायला फार वेळ लागला. केमिस्ट मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘काका, कांड्यांचं आपसात काहीच नसतं. ढवळल्यावर रबराच्या बारीक कणांची मांडणी बिघडते, त्यांची रेटारेटी असते ती. ढवळणं थांबलं तरी मांडणी लगेच सुधारत नाही. दुधाला आठवत राहतं म्हणा ना.’’ साध्या पाण्यात असं होत नाही, तेही तिने सांगितलं.

मी पिंपापाशी उभा राहून तुम्हाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण दिल्या. तुमचा हात कधीच थांबला, राख समुद्रात गेली आणि आम्ही पन्नाशीला टेकलो तरी लांबच लोंबतोय. दुधाला गाठी होऊ नयेत म्हणून जपणारा माणूस पोरांच्या बाबतीत एवढा निर्दय कसा होऊ शकतो? देवाने तुम्हाला क्षमा केली असेल तर ते त्याचं मोठेपण. माझ्याकडे तेवढं नाही.

उद्या लग्न आहे. बायकोने आहेराची साडी पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे. जाईन, पोरीचा काय दोष? हे पत्र मात्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही, कारण एक गोष्ट धाकट्याच्या कानी जाता कामा नये. देवीच्या पायरीशी त्याने शपथ घेतली तेव्हा मला आनंद झाला नाही, बाबा. क्षणभर वाटलं, हा खोटं बोलत असेल तर बरं होईल, त्याच्यावरचा एवढ्या वर्षांचा राग फुकट तरी जाणार नाही.