अंतरपाट निघेपर्यंत

शनिवार, संध्याकाळचे सात

लग्न लागलं एकदाचं. चूक माझीच होती, ती आधी लिहून टाकते.

कल्याणच्या हॉलमधून एका गिऱ्हाइकाचं लग्न लाइव्ह दाखवायचं होतं. मी वागळे इस्टेटच्या ऑफिसात, ठाणे-डोंबिवलीचे दोन्ही सर्व्हर माझ्या हाताखाली. पत्रिकेत मुहूर्त बारा दहाचा, म्हणून साडेबारापर्यंत लग्नाच्या चित्रासाठी इंटरनेटची लाइन राखून ठेवली. नंतर ती आपोआप दुसऱ्या कामांना सुटते. काय हुशारी! मंगलाष्टकं म्हणायला किती आत्या-मावश्या उठतात, मला माहीत नाही?

साडेबारा वाजले तरी अंतरपाट तसाच. आमचा कॅमेरावाला सचिन फोनवर ओरडला, "ताई, अजून दोघी रांगेत आहेत!" आणि तेवढ्यात लाइन सुटली. कोपरला घरी, डोंबिवलीच्या सर्व्हरवरून लग्न बघत, नवरीचा मामा टीव्हीसमोर बसलेला, पाय प्लॅस्टरमध्ये. खरं तर नवरीच्या मागे त्यानेच उभं राहायचं. त्याचंच चित्र थिजलं.

घाबरले मात्र नाही. त्याला ठाण्याच्या सर्व्हरवर वळवलं, लाइन पुन्हा राखली, आणि चित्र अडकलं होतं तिथूनच पुढे सोडलं. दीड मिनिट गेलं. यापुढे घड्याळ लावणारच नाही. अंतरपाट निघाला की सचिन सांगेल, मगच लाइन सोडायची. इतकं साधं आधी का सुचलं नाही?

दुपारी मामांचा फोन. म्हटलं, आता ऐकावं लागणार.

"सॉरी मामा, तुम्हाला सगळं दीड मिनिट उशिरा दिसलं."

"असू दे गं. शेवटच्या अक्षता हातातच होत्या. अंतरपाट निघेपर्यंत मूठ उघडली नाही मी."