न थांबणारी पेटी

९ ऑक्टोबर

वाजली! पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, माळ्यावरचा जुना स्पीकर, चार वायरी – आणि सुई न लावता आप्पांच्या रेकॉर्डवरचं गाणं हॉलभर. मधे घूंऽऽ असा आवाज येतोय, भुंगा अडकल्यासारखा. पण वाजली हे खरं. नवरा म्हणाला, "छान. आता चहा मिळेल, की तोही बटणावर?"

आप्पा खुर्चीत बसले होते. त्यांनी मान हलवली. मला एवढं पुरे.

११ ऑक्टोबर

हा उपद्व्याप का चाललाय ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर माझं मलाच हसू यायचं. आई गेली त्याला वर्ष होत आलं. आप्पा हट्टाने एकटे राहत होते, ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी त्यांना इथे आणलं. बरोबर रेकॉर्डप्लेअर आणि खोकंभर रेकॉर्डी. आम्ही लहान असताना त्या रेकॉर्डींना आप्पांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडकच होता. म्हटलं, बरं झालं, माणूस रमेल.

रमलं कसलं! एक बाजू संपली की हे वॉकर धरून उठणार, लटपटत जाणार, रेकॉर्ड पालटणार, परत येणार. बसेपर्यंत दुसरी बाजू निम्मी झालेली. दुपारची बाई येते, जेवायला वाढते, हाताला धरून न्हाणीघरात नेऊन आणते आणि जाते. बाकी वेळ घरात एकटे. पुन्हा पडले तर? दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याची भिंगं घासताना डोळ्यांसमोर तेवढंच. काल एका गिऱ्हाइकाचं भिंग वाकडं घासलं. मालकांनी भिंग उजेडात धरून माझ्याकडे बघितलं.

तर, आप्पांना उठावंच लागणार नाही असं काहीतरी करायचंय.

१६ ऑक्टोबर

घूं गेलं. वायर विजेच्या वायरीला चिकटून होती. हलवली, संपलं. एवढ्यासाठी आठवडाभर डोकं पिकवलं!

२३ ऑक्टोबर

रेकॉर्ड संगणकात भरायची म्हणजे ती अख्खी वाजू द्यावी लागते. तिथे घाई चालत नाही, आणि मला घाईशिवाय काही जमत नाही. सुई लावते आणि कपड्यांच्या घड्या करायला पळते. परत येते तोवर बाजू संपून सुई नुसती खरखरत फिरत असते. ती खरखरही भरली जाते. मग ती कापत बसा.

आप्पा म्हणाले, "मी लावत जाऊ का? माझा वेळ जाईल."

म्हटलं, नको, नको, तुम्ही बसा आरामात.

३० ऑक्टोबर

फोनवरून गाणं कसं निवडायचं ते आप्पांना शिकवलं. धाकटीचा फोन आला – "ताई, आप्पांना गाणं लावायचं असलं की ते मला का फोन करतायत?" बोट घसरतं त्यांचं. फोनचं प्रकरण बंद.

४ नोव्हेंबर

खुर्चीच्या हातावर तीन बटणं बसवली. पुढे, मागे, थांब. शिवणाच्या डब्यातल्या मोठ्या गुंड्यांसारखी दिसतात, लाल, हिरवं, पिवळं. नवऱ्याने तिन्ही आळीपाळीने दाबून बघितली, लहान मुलासारखी. आप्पांनी एकदाच हिरवं दाबलं. "झालं?" म्हणाले.

९ नोव्हेंबर

आज कमाल केली! एक गाणं संपायच्या आत दुसरं तयार. अख्खं खोकं आत गेलंय, सकाळी सुरू केली की रात्रीपर्यंत बघायला नको. रेकॉर्डप्लेअर माळ्यावर टाकला, हॉल मोकळा झाला.

आप्पांनी विचारलं, "बाजू कधी संपते ह्याची?"

"संपतच नाही आप्पा!"

"अस्सं," म्हणाले.

१० नोव्हेंबर

त्या "अस्सं"चं काय करायचं? आवडलं नाही असं नाही, आवडलं असंही नाही. दिवसभर डोक्यात तेच. आवाज पातळ असेल का? स्पीकरच जुना आहे.

१८ नोव्हेंबर

नवे स्पीकर आणले. मोडक्या कपाटाच्या फळ्या कापून पेटी केली, आत चुरगळलेल्या चादरी कोंबल्या, आवाज भरीव आला. दुकानात भिंगांच्या पाकिटांवर पेटीची चित्रं काढत होते. मालक म्हणाले, "बाई, ह्यातलं कुठलं पाकीट गिऱ्हाइकाला द्यायचंय?"

मला आवरत नाही हे खरं आहे. एक झालं की दुसरं सुचतं. आई गेल्यापासून जास्तच. हात रिकामे राहूच देत नाही मी.

२४ नोव्हेंबर

आज व्यायाम करून घेणारी बाई आली होती. आप्पांच्या मांड्या दाबून बघितल्या, पाय उचलायला लावला. तिचा चेहरा उतरला. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "गेल्या महिन्यात स्वतः उठत होते. आता हाताला धरूनही जड जातंय. दिवसभर करतात काय?"

मी मोठ्या तोऱ्यात तिला पेटी दाखवली. बटणं दाखवली. ती बटणांकडे बघत राहिली. "आधी गाणी ऐकत नव्हते?"

ऐकत होते की. दर बाजूला उठून...

ती म्हणाली, "फारच सोय केलीत त्यांची." वाईट मनाची नाही ती, पण लागलं. जाताना म्हणाली, आता स्वतःहून उठायला लागले नाहीत तर कायमची खुर्ची समजा. पडू नयेत म्हणून केलं हो सगळं. पाय मीच काढून घेतले त्यांचे.

२५ नोव्हेंबर

बटणं उपटली. पेटीला शिकवलं – रेकॉर्डची एक बाजू होईल एवढं वाजायचं आणि थांबायचं. पुढचं सुरू करायचं बटण पलीकडच्या कपाटावर. झक मारत उठतील.

२७ नोव्हेंबर

उठले नाहीत. कामावरून आले तर पेटी गप्प, आप्पा खिडकीबाहेर बघत बसलेले. दुपारच्या बाईने एकदा लावली होती, तेवढीच.

"पुढचं का नाही लावलंत?"

"राहू दे. किती ऐकायचं."

१ डिसेंबर

धाकटीशी कडाक्याचं भांडण. तिच्या घराजवळ एक संस्था आहे, तिथे अशा माणसांकडून व्यायाम करून घेतात, राहायची सोय आहे. "चांगली आहे ताई, मी आत जाऊन बघून आले." म्हणजे आधीच बघून आली! मी म्हटलं, माझ्या घरात जागा आहे. ती म्हणाली, "जागा आहे गं. पण तू त्यांना काही करूच देत नाहीस." मी फोन आपटला. मग तासभर भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा.

महिनाअखेर ती येणार. तोवर उठायला लागले नाहीत तर घेऊन जाईन म्हणते. आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

५ डिसेंबर

बटण कपाटावरून जरा अलीकडे स्टुलावर आणलं. गाण्यांचा क्रम बदलला. आवाज वाढवला, कमी केला. बातम्या घातल्या, गप्पांचे कार्यक्रम घातले. ढिम्म. शेवटी चिडले – "आप्पा, तुमचीच गाणी ना ही? उठून लावावीशी नाही वाटत?"

"छान आहेत गं गाणी," म्हणाले. शेजाऱ्यांच्या मुलाचं कौतुक करतात तसं.

चिडल्याचं वाईट वाटलं.

१० डिसेंबर

आज पेटी लावलीच नाही. कुणी विचारलंही नाही.

१३ डिसेंबर

पेटी भिंतीपासून पुढे ओढायला गेले, मागची वायर बघायची होती, आणि कंबर धरली. अशी धरली की जमिनीवरच बसले. डॉक्टर म्हणाले, पाठीवर पडून राहायचं, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा तिला बांधूनच घाला." दोघंही हसले. हॉलमधल्या सोफ्यावर आडवी आहे, आप्पांच्या समोर. दोघं दोन बाजूंना, एकापेक्षा एक. कागद छातीवर धरून लिहितेय, अक्षर बघवत नाही. उद्या दिवसभर असं पडून मला वेड लागेल.

१४ डिसेंबर

कंटाळा जावा म्हणून कामावर निघताना नवऱ्याने पेटी लावून दिली. पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकत होते. एवढे महिने ही गाणी भरली, कापली, पुसली, पण ऐकली आजच. एक फार सुंदर होतं. त्याच्या पुढचं सुरू होईल म्हणून वाट बघत होते आणि पेटी थांबली. "अरेरे," म्हटलं. उठायला गेले, कळ आली.

वॉकर सरकल्याचा आवाज. आप्पा उठत होते. एकदा परत खाली बसले. "नको" माझ्या ओठांवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं. दुसऱ्यांदा उभे राहिले.

"पडून राहा तू. मी लावतो." स्टुलापर्यंत गेले. बटण दाबलं, तिथेच धापा टाकत उभे राहिले. "तुझ्या आईचंही हेच. डोळे मिटून पडायची, बाजू संपली की नुसतं अरेरे म्हणायची. मला त्या गाण्यांतलं जन्मात काही कळलं नाही. तुला आवडतायत ना?"

हो म्हटलं. आणि पडून राहिले, बाजू संपायची वाट बघत.