रस्त्यात ओळख दाखवू नये

मी, डॉ. पंचशीला आनंदराज गजभारे, वय एकसष्ट, अविवाहित, राहणार नांदेड, व्यवसाय वैद्यकीय संशोधन, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी स्थिर आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. गरोदर बायकांना "घाबरू नका" असे सांगण्यात माझी हयात गेली, आणि आता मला इतकी भीती वाटते की जेवण जात नाही. त्या बिचाऱ्या माझे कशाच्या जोरावर ऐकत होत्या, कोण जाणे.

पहिली बाब घराची. हे घर माझ्या कष्टाचे आहे. ते भाऊ नरसिंग याची मुलगी लुंबिनी हिला द्यावे. ती लातूरला परिचारिका आहे. अट एकच. दर्शनी खोलीतले शिवगंगाबाईंचे ब्लाउजचे दुकान हलवू नये. माझ्याकडे येणारी बाई त्या दुकानातून आत येई, म्हणजे गल्लीला वाटे की माप द्यायला आली. मला सुईत दोरा ओवता येत नाही, पण नांदेडात माझ्याइतके ब्लाउज कोणी शिवले नसतील.

दुसरी बाब ठेवीची. ती इस्लापूर, हिमायतनगरकडून गोळ्यांसाठी येणाऱ्या गरोदर बायकांच्या एसटी भाड्याला वापरावी. एचआयव्ही असलेल्या बाईने गरोदरपणात रोज गोळी घेतली तर बाळ बहुधा लागणीतून सुटते. आमच्याकडे गोळ्या होत्या, पण ओटीभरण झाले की खंड पडे. बाई माहेरी जाई. सासरी माहीत असलेला आजार माहेरी सांगितलेला नसे, म्हणून डबी सासरीच राही. माझ्या शोधनिबंधावर एका मोठ्या परीक्षकांनी शेरा मारला होता, "या स्त्रिया मध्येच कुठे नाहीशा होतात?" साहेब, तुमच्या घरची एकही बाळंतपणाला माहेरी गेली नाही का? तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत गाव न विचारता माहेर विचारत आले आणि तिथल्या जवळच्या केंद्रात गोळ्यांची सोय करत आले. माझे सगळे संशोधन एवढेच.

तिसरी बाब, भावजय तारामती. मी या बायकांना हात लावते म्हणून तिने आपल्या घरात माझ्यासाठी पाण्याचा वेगळा ग्लास ठेवला होता. आपल्या समाजात वेगळा ग्लास म्हणजे काय, हे तिला मी सांगायला नको होते. माझे झाडून सगळे ग्लास तिला द्यावेत. तिने ते पाहुण्यांपुढे ठेवावेत आणि स्वतःही त्यातूनच प्यावे.

चौथी बाब सगळ्यात महत्त्वाची. माझ्या अंत्यविधीला किंवा जलदान विधीला माझ्या अभ्यासातल्या कोणत्याही बाईने येऊ नये. मी कशाची डॉक्टर, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. ना नात्याची ना गोत्याची बाई माझ्यासाठी रडू लागली, की बघणारा समजून जातो. म्हणूनच अर्धापूरच्या बाजारात त्या समोर आल्या तरी मी मान खाली घालून केळी निवडत राहिले. त्यांनाही तेच शिकवले.

त्यातली एक बाई मात्र ऐकणारी नाही. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिची मुलगी माझ्या अभ्यासातले पहिले निरोगी बाळ. ती मुलगी आता स्वतः सातव्या महिन्यात आहे आणि आईचा आजार तिच्या सासरी कोणाला माहीत नाही. मुलीच्या रक्तात काही नाही, पण संशय आला की रिपोर्ट कोण वाचतो? ही बाई आली तर ऊर बडवून रडेल, आणि तिच्या पोटुशा पोरीला सासरचे घराबाहेर काढतील. मरणापेक्षा मला याचेच भय वाटते. लुंबिनी, तू दारात उभी राहा आणि तिला परत पाठव. तुझ्या पाया पडते.

येथवर लिहून झाले. शेजारचे वीरभद्र गुरुजी साक्षीला आले आहेत. दुसरे साक्षीदार फोन उचलत नाहीत. इतक्यात जिचे नाव लिहिले नाही तीच आत आली. "आपरेशनला जाऊन राहिल्या आन् मला सांगितलं न्हाई?" असे म्हणून भांडली. मी कागद झाकण्याआधीच तिने चौथी बाब वाचली. मग गुरुजींच्या हातातला पेन घेतला. मी नको नको म्हणत होते.

स्थळ : नांदेड. दिनांक : ९ जानेवारी २०२६.

(सही) पंचशीला आनंदराज गजभारे

साक्षीदार :

१. (सही) वीरभद्र स्वामी, निवृत्त शिक्षक, नांदेड.

२. (सही) पंचफुला भागवत शिरफुले, राहणार इस्लापूर. ती बाई म्याच हाय. जावयाला म्या दिवाळीतच समदं सांगितलं. त्यानंच आज गाडीवर आणलं, भाईर हुबा हाय. डाक्टरबाईला काई होणार न्हाई. झालंच तर म्या येणार, आन् मोठ्यानं रडणार. दारात कोणी आडवं येऊ नये.