आधी घरी कळू दे

बाबा,

माझा डावा कान गेला आहे. चार महिने झाले, मी बेलवलीच्या घरी आईजवळ आहे. आई फारसं विचारत नाही. जेवताना न चुकता माझ्या उजव्या हाताला बसते आणि जरा मोठ्याने बोलते, एवढंच. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. माझ्या कामाचा मोठा भाग तुम्ही पाहिलाच नाहीत, आणि पाहिला असतात तर काय म्हणाला असतात हा विचार मी इतकी वर्षं मुद्दाम टाळत आले. आता दिवसभर घरात बसून दुसरं काही सुचत नाही.

कॅमेरा तुम्हीच घेऊन दिलात. उल्हासनगरच्या त्या दुकानात मी तुमच्या शेजारी उभी आहे, नुकतीच बी.ए. झालेली. तुम्ही पहिल्या पाळीहून थेट आलेले, शर्टाला कंपनीचा आंबूस वास. दुकानदार सिंधी, तुमच्याच वयाचा. काउंटरवर दोन कॅमेरे मांडून म्हणाला, "साईं, बेबी के लिए ना? फिर ये हल्का वाला लो, शादी-बर्थडे में चल जाएगा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी जडवाल्याकडे बोट केलं. "मग तोच द्या," तुम्ही म्हणालात, "वजनाची सवय होते." खोकं स्टेशनपर्यंत तुम्हीच उचललंत, आणि वाटेत तीनदा विचारलंत की लग्नाचे फोटो काढायचे नाहीत तर मग कशाचे काढणार. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं.

दोन वर्षांनी तुमच्या अंबरनाथच्या कंपनीत भर दुपारी रिअ‍ॅक्टर फुटला. मी तेव्हा एका दैनिकाला फोटो द्यायला लागले होते. रिक्षाने पोचले तेव्हा तुम्ही गेटशी हजेरीपट घेऊन एकेक नाव पुकारत होतात. भुवया जळलेल्या, आवाज बसलेला. तुम्ही जिवंत आहात एवढं बघितलं आणि मी तुमच्याकडे आलेच नाही, तशीच आत घुसले. स्ट्रेचरवर चादरीखालून एक हात लोंबत होता, मनगटावर बाईचं नाव गोंदलेलं. दुसऱ्या दिवशी तो हात पहिल्या पानावर होता आणि खाली माझं नाव.

त्या सकाळी तुम्ही ओट्याशी उभे राहून चहा पीत होतात. पेपर घडी घालून गॅसच्या बाजूला ठेवलेला. मला वाटलं, आता काहीतरी कौतुकाचं बोलाल.

"वांगणीचा होता तो," तुम्ही म्हणालात. "ओळख पटत नव्हती. आज पटली. त्याच्या बायकोने पेपर बघितला. ते गोंदलेलं नाव तिचं आहे."

मी म्हटलं, "बाबा, माझं कामच आहे ते."

"असेल. पण आधी घरी कळू दे, मग जगाला दाखव."

"पेपर थांबत नाही कुणासाठी."

"तू थांब ना," तुम्ही म्हणालात आणि कप विसळायला वळलात. तुम्ही कधी ओरडत नसायचात, त्या दिवशीही ओरडला नाहीत. मी मात्र तो आवाज अजून ऐकते, आणि गंमत म्हणजे गेलेल्या कानाने ऐकते.

तेराव्यानंतर तुम्ही मला वांगणीला घेऊन गेलात. दारातच त्या बाईंना सांगितलंत, "ही माझी मुलगी. तो फोटो हिनेच काढला." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभी, तर त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, चटईवर बसवलं आणि हळूच विचारलं, "तोंड कसा व्हता गो त्यांचा? आमाला कोनी दाखवलाच नाय. तू बगलास नं?" मी चादरीखाली बघितलं नव्हतं. म्हटलं, "झोपल्यासारखे होते." त्या कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या. परतताना रस्त्यात तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं सांगितलंस." मी खोटं बोलले हे तुम्हाला कळलं होतं.

मग दंगली आल्या, सीमेवरची गावं आली, मग परदेश. अंगावर चिलखती जाकीट, त्यावर रक्तगट लिहिलेला. बाई असल्यामुळे मला घराघरांतल्या स्वयंपाकघरांत जाता यायचं, आणि बाई असल्यामुळेच नाक्यानाक्यावर नको ते हात सोसावे लागायचे. तरी तुमचं ते वाक्य मी पाळलं, बाबा. घरच्यांना निरोप गेल्याशिवाय मेलेल्या माणसाचा चेहरा पाठवला नाही. "तू नेहमी उशिरा पाठवतेस," म्हणून संपादकांनी माझी कामं दुसऱ्यांना दिली. मी ती जाऊ दिली.

या वेळी गेले ते शहर तुम्ही होतात तेव्हा बातम्यांत नव्हतं. तिथे माझा एक दुभाषा होता, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. गाडीही तोच चालवायचा. मी हेल्मेटचा पट्टा सैल ठेवला की अगदी तुमच्यासारखा गप्प होऊन बघत राहायचा, मी तो आवळेपर्यंत. त्या सकाळी मी पावासाठी लागलेल्या रांगेचे फोटो घेत होते. "तुझं होईपर्यंत मीही उभा राहतो," तो म्हणाला, "मुलीला पाव लागतो." तो रांगेत जाऊन उभा राहिला आणि तोफेचा गोळा पडला. मी उठले तेव्हा कशालाच आवाज नव्हता. तो माझ्याकडे तोंड करून पडला होता. मी जवळ गेले, मानेवर बोटं ठेवली. मग उभी राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

दवाखान्यात कानाला पट्टी बांधून घेऊन मी चालत त्याच्या घरी गेले. दार त्याच्या मुलीने उघडलं. सतरा-अठराची असेल. तिच्या हातात फोन होता. तिने तो माझ्यासमोर धरला. त्यात तो होता, माझ्या फोटोतला. दुसऱ्या देशातल्या मावशीने तिला पाठवला होता, तो कसा आहे हे विचारायला. मुलगी बोलायला लागली, खूप वेळ बोलत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही. तिचं बोलणं मला सांगणारा माणूस तोच होता.

इथे आल्यावर आईला, ऑफिसला, सगळ्यांना मी सांगितलं की हल्लीचे कॅमेरे काढलेला फोटो आपोआप ऑफिसला पाठवतात, माझ्या हातात काही नव्हतं. कुणी शंका घेतली नाही, कारण तशी सोय असतेच. आई तर म्हणाली, "मशीनचा काय दोष आणि तुझा तरी काय." तुम्ही असतात तर नुसते बघत राहिला असतात, आणि मी बोलून गेले असते. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही म्हणूनच लिहू शकते आहे.

माझ्या कॅमेऱ्यात ती सोय बंद होती, बाबा. दवाखान्याच्या बाकावर माझा नंबर येईपर्यंत मी बसले होते. त्याचे चार फोटो होते. तीन पुसले, एक निवडला, पाठवला. निवडताना माझ्या मनात आलं होतं, उजेड छान मिळालाय.