किल्ल्या भावनाकडे आहेत

डोंबिवली पूर्व,
मे महिन्यातला रविवार

ती. सुदेशदादांना प्रफुल्लचा नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? संचितावहिनींच्या पित्ताला उतार पडला असेल. निशाच्या लग्नाची खरेदीही आटोपत आली असेल. इकडे मी मजेत आहे. (म्हणजे बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही, पण तब्येत उत्तम.) घरात फोन असताना हा माणूस पत्र का खरडतोय, असं आपल्याला वाटेल. पण आपला फोन हल्ली भावना उचलते आणि माझा आवाज ऐकला की 'दादा अंघोळीला गेलाय' म्हणून ठेवून देते. ठाण्यात पाण्याची परिस्थिती इतकी चांगली आहे यावर माझा विश्वास नाही. म्हणून हे पत्र आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर.

ती तुमच्याकडे का आली, हे तिने तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल. एका बहिणीच्या भावाकडून न्यायाची अपेक्षा नाही, पण माझीही बाजू ऐका. जुनी घड्याळं जमवण्याचा माझा नाद आपल्याला ठाऊक आहे. (आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ मी मागितलं होतं आणि आपण विषय बदलला होतात, तेही माझ्या लक्षात आहे. असो.) तर ती जायच्या दोनच दिवस आधी विठ्ठलवाडीला एका भंगारवाल्याकडे मला बॅरोमीटर दिसला. पितळी, ताटाएवढा, जहाजावरचा. हवा कशी राहणार ते त्याचा काटा सांगतो. काटा 'व्हेरी ड्राय'वर होता. मी टिचकी मारली, तो तिथेच. भंगारवाला म्हणाला, "साब, एकदम सॉलिड पीस है, काटा हिलेगाच नहीं." ही मी त्या वस्तूची स्तुती समजलो. भावनाला हॉलमधल्या त्या जागी कॅलेंडर हवं होतं. मी बॅरोमीटर लावला.

आता कुरडयांकडे येतो. निशाच्या रुखवतात आत्याच्या हातच्या कुरडया हव्यात म्हणून भावनाने गहू भिजवले, चीक काढला, तो शिजवताना हात पोळून घेतला आणि आमच्या गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडया घातल्या. शेजारच्या रमाबाईंनीही सोरा फिरवायला हात लावला. दुपारनंतर मलंगगडाच्या बाजूने आभाळ काळं झालं. भावना म्हणाली, आवरू या. मी तिला हाताला धरून बॅरोमीटरसमोर उभं केलं. काटा 'व्हेरी ड्राय'. शास्त्र काही आभाळाकडे बघून चालत नाही, असं मी म्हणालो. (हे वाक्य तिने तुम्हाला सांगितलं असणार. त्यातला सूर मात्र तिने वाढवला असेल.) रमाबाईही माझ्यावर विसंबून खाली चहाला बसल्या. मग जी सर आली, तिने रुखवत गच्चीच्या पाइपातून थेट गटारात नेलं. खालच्या पार्किंगमध्ये गुलाबी पाणी पाहून वॉचमनने केमिकल कंपनीला शिव्या घातल्या. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

भावना ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बॅग भरली, कुरडया आता दादाच्या गच्चीवर घालते म्हणाली. परत कधी येशील विचारलं, तर चपला घालता घालता म्हणाली, "त्या तबकडीलाच विचारा."

दादा, माझं म्हणणं एवढंच की जाताना ती माझ्या घड्याळांच्या किल्ल्या घेऊन गेली. लाल नाडीत ओवलेला जुडगा. मी वस्तू कुठेही टाकतो म्हणून तो तिच्याच पर्समध्ये असतो. किल्ली मिळेना म्हणून एकेक घड्याळ बंद पडत चाललंय. आधी बेडरूममधलं गेलं, मग हॉलमधलं टोल्यांचं. देवघराजवळचं काल थांबलं. आमची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात. कुठलं किती पुढे, कुठलं किती मागे, याचा हिशेब भावना बोलता बोलता करते. मी या खोलीतून त्या खोलीत फिरतो, लंबकाला बोटाने झोका देतो, तो चार झोके घेऊन थांबतो. वरच्या मजल्यावरचे प्रभाकर, ज्यांनी टोल्यांविरुद्ध सोसायटीकडे तक्रार केली होती, तेच परवा खाली येऊन विचारू लागले, "सगळं ठीक आहे ना? टोले नाहीत तर माझी बीपीची गोळी चुकते हो." मी त्यांना चहा विचारला. साखर सापडली नाही.

कल्याणच्या घड्याळजीने दुसऱ्या किल्ल्या करून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हणालो. मला त्याच हव्यात. खरं सांगू का, घर खायला उठतं. तेव्हा किल्ल्यांचं तेवढं पाहावं.

वहिनींना नमस्कार, निशाला अनेक आशीर्वाद.

आपला,
प्रफुल्ल

ता. क. किल्ल्या कुरिअरने पाठवू नयेत, गहाळ होतात. ज्या हाताने गेल्या, त्याच हाताने याव्यात.

ता. क. दुसरा. कुरडयांसाठी गहू भिजवायचे असतील तर दळायला, गाळायला मी येऊ शकतो. गच्चीवर राखणही करीन. आभाळाकडे बघत बसेन, दुसऱ्या कशाकडे बघणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी बॅरोमीटर भिंतीवरून काढला. म्हटलं, तिचं कॅलेंडर लावून टाकावं. तर त्याच्यामागे त्याच खिळ्याला लाल नाडीचा जुडगा लटकलेला. त्या दिवशी घड्याळांना किल्ली देऊन झाल्यावर, बॅरोमीटर लावताना मीच अडकवला असणार. कॅलेंडर लावलंय. घड्याळांना मात्र अजून हात लावलेला नाही. दादा, पाया पडतो, हे भावनाला कळू देऊ नका. किल्ल्या तिच्याकडेच आहेत असं धरून चाला आणि त्या घेऊन तिला लवकर पाठवा.