‘आपलं घर’ची रेंज

४ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग घालायला जमिनीवर जागा नाही, शर्टांचे कागदी नमुने पसरलेत, तेव्हा तूर्त उभ्यानेच नमस्कार घे.

पत्र मुद्दाम तुझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठवतेय. घरी पाठवलं असतं तर भावजींच्या हाती पडलं असतं आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. फोन तर नकोच. माझा नवरा अजून ‘सहज’ म्हणून दुकानात डोकावतो आणि बोलता बोलता तुझा फोन उचलून चाळतो, हे तूच सांगितलंस. त्यामुळे आता आपण दोघी पत्रंच लिहायची. तुझं अक्षर सुधारेल, तेवढाच फायदा.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सायकलवाला, समोर बसथांबा आणि त्याचा बाक. टिल्लीला शाळा मिळाली, मला एका शिवणकारखान्याचं काम मिळालं. घरातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? दार. कडी आतून आहे आणि बाहेरून कुलूप घालायला कोयंडाच नाही. पहिले काही दिवस मी उगाच ते दार उघडून बाहेर उभी राहायचे आणि परत आत यायचे.

इंटरनेटवाला येऊन राउटर बसवून गेला. वायफायला नाव काय द्यायचं म्हणून विचारत होता. मला प्रिंटरची चिंता. त्या दिवशी नमुने छापण्याच्या नादात मला जेवण वाढायला उशीर झाला आणि नवऱ्याने इस्त्री फेकली, ती माझ्याऐवजी प्रिंटरला लागली, हे तुला ठाऊक आहे. छापतो तो अजून झक्क, पण त्यावरचा छोटा स्क्रीन फुटल्यामुळे त्याला नवं नाव सांगायची सोय उरली नाही. तो आपला जुन्या घरच्या वायफायचं ‘आपलं घर’ हेच नाव शोधत बसतो. मग मी इथेही तेच नाव दिलं, पासवर्डही तोच. लगेच प्रिंटर गुरगुरायला लागला, लॅपटॉप आणि टिल्लीचा टॅबही न विचारता जोडले गेले. बिचाऱ्यांना वाटलं, आपण कुठे गेलोच नाही. राउटर खिडकीत ठेवलाय. समोरच्या बाकापर्यंत रेंज जाते, टिल्लीने स्वतः जाऊन तपासलंय.

मन मात्र एका जागी ठरत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की हातातली कात्री थांबते. तू लवकर लिही, रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझ्या मायेवर नेहमीप्रमाणे हक्क सांगणारी,
धाकटी

१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा कशासाठी ते आधी सांगते. ज्या घरातून मुलीला कडेवर घेऊन निघालीस, त्याच घराची पाटी नव्या घराला लावलीस? तुझ्या डोक्यात शर्टांच्या कॉलरींशिवाय काही शिरतं की नाही? प्रिंटर मरू दे. ते नाव बदल. टिल्लीला विचार, ती काहीतरी झकास सुचवेल.

तुझं पत्र सोमवारी आलं. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड होती, ती ओसरल्यावर उघडलं. नेमक्या त्याच वेळी तुझ्या सासूबाई नंबर तपासायला आल्या होत्या. डोळे बरेच उतरलेत. भिंगं बदलून बदलून त्यांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली, शेवटची बारीक ओळसुद्धा खडाखडा वाचली. मग काउंटरपाशी उगाच रेंगाळत राहिल्या. तुझ्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मला त्याचा राग आला. तुझं राहू दे, नातीचं तरी विचारायचं.

तोही येऊन गेला. आवाज अगदी मऊ. म्हणाला की, शोधलं की सापडतंच, मला घाई नाही. मी त्याला महागडी फ्रेम दाखवायला घेतली तेव्हा निघून गेला. पण त्यानंतर मी दुकानाचं शटर वेळेआधीच ओढलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

खात जा वेळेवर. टिल्लीला मावशीचा पापा. आणि नाव बदलल्याचं पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत यायला हवं, तरच माझा जीव भांड्यात पडेल.

तुझ्यावर रागावलेली आणि म्हणूनच तुझी,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. आज हालहवाल आणि थट्टा काही नाही, एकदम मुद्द्यावर येते.

काल बुधवारी दुपारी टिल्लीला शाळेतून घेऊन आले, भात टाकला आणि फोनवर निरोप आला. घरच्या वायफायला कोणी नवीन जोडलं गेलं की राउटर मला कळवतो. वर लिहिलं होतं, ‘साहेब’ जोडले गेले. ताई, साहेब हे त्याच्या फोनचं नाव आहे. स्वतःच ठेवलंय त्याने.

टिल्लीला आतल्या खोलीत बसवलं, कडी दोनदा तपासली आणि पडद्याच्या फटीतून खाली बघितलं. सायकलवाला चाकात हवा भरत होता. बाकावर एक वयस्कर बाई चष्मा पुसत बसली होती, तिच्या शेजारी दोन शाळकरी मुली. तो कुठेच दिसला नाही. न दिसल्यामुळे धीर यायला हवा होता, उलट जास्तच धाबं दणाणलं. थोड्या वेळाने ‘साहेब’ निघून गेल्याचा निरोप आला. भात करपला.

तू सांगितलं होतंस, मी नाव बदललं नाही. प्रिंटर बंद पडला तर काम जाईल म्हणून चालढकल केली. आता तर बदलायला हात धजत नाही. नाव बदललं की त्याचा फोन इथे मुका होईल, आणि तो खाली येऊन उभा राहिला तरी मला कळणार नाही. निदान काल तो आल्याचं कळलं तरी. खुळ्यासारखं बोलतेय का मी? दिवसभर तोच विचार घोळतोय. शर्टाच्या बाहीचा नमुना उलटा छापला.

टिल्लीला काही सांगितलेलं नाही. ती विचारत होती की आपण आज खाली का जायचं नाही. मी पाय दुखतोय म्हटलं, तर ती तेल घेऊन आली. मला रडू आवरेना.

काय करू ते सांग. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटी

२३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र उभ्यानेच वाचलं आणि उभ्यानेच उत्तर लिहितेय.

खुळ्यासारखंच बोलतेस. अगं, तुझ्या फोनला तो आल्याचं कळतं तसं त्याच्या फोनलाही कोपऱ्यात दिसतं की आपण घरच्या वायफायवर आहोत. परक्या गावात स्वतःच्या घराचं नाव दिसलं तर तो काय समजायचं ते समजेल. एकदा त्याचं लक्ष गेलं नसेल. दर वेळी नशीब साथ देत नाही.

तेव्हा हे पत्र खाली ठेव आणि नाव बदल. प्रिंटरचं काहीतरी बघू, त्याला वायर लावता येते का ते दुकानात विचार. आणि तिथल्या पोलीसचौकीत बाई अधिकारी असतील त्यांना भेटून ये, निघताना केलेल्या तक्रारीचा कागद बरोबर ने.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकते. खरंच तो खाली आला असता, तर वर न येता गेला असता का? तुला आणि मला त्याचा स्वभाव माहीत आहे.

तुझी, जीव मुठीत धरून बसलेली,
ताई

२७ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आज पोचलं, एक दिवस उशिरा. काल पुन्हा बुधवार होता आणि पुन्हा ‘साहेब’.

या वेळी मी खिडकीपाशी गेलेच नाही. आता इथे राहणं नाही. चौकीतल्या बाई म्हणाल्या, लक्ष ठेवू, पण चोवीस तास कोण उभं राहणार? रविवारी खोल्या सोडते. कुठे जायचं ते ठरलं नाही. टिल्लीची एक मैत्रीण झाली होती, तिच्या डब्यातलं खायची. बॅग भरायला घेतली तेव्हा टिल्ली एवढंच म्हणाली की, टॅबला हेच घर आवडतं. स्वतःला आवडतं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

मी दमलेय, ताई. पळून नाही, परत दार शोधायच्या विचाराने दमलेय.

नवा पत्ता ठरला की कळवते. तोवर आठवण काढ.
धाकटी

२८ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. चि.च्या पुढे सौ. लिहू की नको या विचारात कागद फाडला. शेवटी नुसतं चि. लिहिलं, ते कुठेही शोभतं.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकशील. तुझ्या ताईचा दोष नाही. तिने भिंगं लावून मला फळा वाचायला लावला. फळा वाचून झाला आणि काउंटरवर तुझ्या अक्षरातलं पाकीट पालथं पडलेलं दिसलं. मागचा पत्ताही वाचून घेतला. एवढं स्पष्ट मला कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं.

गेले दोन बुधवार मी तुझ्या इमारतीसमोरच्या बाकावर येऊन बसले. घरी डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. वर यायचा धीर झाला नाही आणि तुला हाक मारायचा मला काय अधिकार? टिल्लीचे केस कापलेस. छान दिसतात. चालताना अजून तुझं बोट धरते आणि डावा बूट घासते.

आता मुख्य काम. तू गेल्यावर त्याने नवा फोन घेतला, जुना मला दिला. त्याला इंटरनेट फक्त घरात मिळतं, उंबऱ्याबाहेर पडलं की तो मुका. पण तुझ्या बाकावर बसले आणि तो टुणटुण वाजायला लागला, माझ्या बहिणीचे सगळे निरोप एकदम आले. पहिल्यांदा वाटलं बसथांब्यावर फुकट सोय असेल. परवा नवा चष्मा लावून नीट बघितलं, तर वर लिहिलेलं, ‘आपलं घर’. क्षणभर आपल्याच उंबऱ्यावर बसल्यासारखं वाटलं. मग फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

सूनबाई, जुना फोन ओळखतो तर नवाही ओळखेल. पुढच्या महिन्यात, दहा ते पंधरा तारखेला, कंपनीची मशीनं विकायला तो तुझ्याच शहरात यायचाय, गल्लोगल्ली हिंडायचाय. त्याला अजून काही माहीत नाही. ते नाव बदल, आजच बदल. नवं काय ठेवलंस ते मला कळवू नकोस. माझा फोन तो रोज बघतो आणि माझा चेहराही त्याला वाचता येतो.

मी आता त्या बाकावर येणार नाही. उत्तराची अपेक्षा नाही. द्यावंसं वाटलंच तर ताईकडे दे, माझ्या चष्म्याची दांडी सैल झालीय, तिच्याकडे जायचंच आहे.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मला तो मागायला तोंड नाही, तरी लिहिते. लोभ असावा.

टिल्लीची आजी

२ डिसेंबर

ती. आईंना,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र ताई तुम्हाला चष्म्याच्या डबीतून देईल. तिथेच वाचा आणि तिलाच परत द्या.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून आधी संशय आला. त्याने बसवून लिहून घेतलं असेल का, दारामागे तोच उभा असेल का, असं मनात येऊन मी घरभर फेऱ्या मारल्या. मग वाटलं, तुम्ही त्याच्या बाजूने लिहिलं असतंत तर नाव बदल असं कशाला म्हणाला असतात? आणि टिल्ली डावाच बूट घासते, हे त्याला कधी दिसलं नाही.

दोन बुधवार मी ज्याला घाबरून पडदा ओढून बसले, त्या तुम्ही होतात. चष्मा पुसणारी बाई मी वरून पाहिली होती. ओळखलं नाही, याचं वाईट वाटतं.

नाव बदललं. टिल्लीने सुचवलं, काय ते तुमच्याच हुकमावरून लिहीत नाही. प्रिंटरला आता वायर लावलीय, खुंटीला बांधलेल्या गाईसारखा टेबलापाशी उभा असतो, पण छापतो. भरलेल्या बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या. त्याचं येणं कळल्यामुळे चौकीतल्या बाईंना तारखा देता आल्या, तो इथे असेल तेवढे दिवस आम्ही टिल्लीच्या मैत्रिणीकडे राहू आणि परत याच घरी येऊ. भीती गेलेली नाही. जिना वाजला की अजून कात्री थांबते.

त्याची फेरी संपली की कुठल्याही बुधवारी या. फोन घरी ठेवून या, चष्मा मात्र आणा. बाकावर बसू नका. तिसरा मजला, डावीकडचं दार. इथली कडी आतून आहे. वाजवा, मी उघडते.

लोभ मागायला तोंड नाही म्हणालात. तो इथे आहे, येऊन घेऊन जा.

तुमची,
सूनबाई