छठपूजेचा झेंडू आणि वरची खोली

मी, साधना जीवन विधाते, वय वर्षे चव्वेचाळीस, धंदा फुलविक्री, राहणार पिंपळ गल्ली, अशोकनगर, सातपूर, नाशिक, आज शनिवार दिनांक १ नोव्हेंबर २००८ रोजी आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसून हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पोट तेवढं नाही. पित्ताशयात सात खडे निघाले असून येत्या शुक्रवारी ते काढायचे आहेत. किरकोळ ऑपरेशन आहे, काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर इतक्या वेळा म्हणाले की मी येताना वाटेत शंभर पानी वही घेतली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सासूबाई नवसाबाई समोर खुर्ची टाकून प्रत्येक ओळीला "काय लिव्हलं?" म्हणून विचारत आहेत, त्याला कोर्टाने दबाव समजू नये.

मरायचा माझा मुळीच विचार नाही. उलट चार दिवस मला शाळेची सहल उद्यावर आल्यासारखं होतंय. वाटून टाकायला बसलं की माणूस इतकं हलकं होतं हे ठाऊक असतं, तर दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत एक मृत्युपत्र उरकलं असतं.

या कागदाचं खरं कारण हे घर आहे. माझे दीर महेशभाऊजी यांच्या मते मी हे घर विकून गंगापूर रोडला आपल्या माणसांत राहायला जावं. तेरा वर्षं मी नाही म्हणते आहे. मी नसले तर नाही म्हणायला कोणी उरणार नाही, म्हणून ते लिहून ठेवते.

कलम पहिले. घर. खाली दुकान आणि दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची, हे सर्व माझी मुलगी तेजस्विनी हिला. सासूबाई असेपर्यंत पुढची खोली त्यांची. तेजूने घर विकूच नये असं मी लिहीत नाही, तिचं आयुष्य तिचं आहे. विकलं तर घेणाऱ्याला आणि भाड्याने दिलं तर राहणाऱ्याला "तुमचं गाव कुठलं" असं जरूर विचारावं, पण चहा देताना गप्पांसाठी. व्यवहार ठरवण्यासाठी विचारू नये.

कलम दुसरे. निळ्या पुठ्ठ्याची वही. हीही तेजूला, आणि माझ्या मते घरापेक्षा किमतीची. तेजूचे वडील १९९३ साली गेले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. दोन वर्षांनी मखमलाबादचा आमचा फुलांचा मळा बराचसा प्लॉटांत गेला आणि ज्याने त्याने आपली जागा निवडायची असं ठरलं. भावकीतले सगळे गंगापूर रोडला गेले. मी म्हटलं, आधी बघते. सासूबाई आणि मी दर रविवारी एक वस्ती अशा नऊ वस्त्या फिरलो. पिठाच्या गिरणीवर बसायचं आणि विचारायचं: इथं कोण कुठून आलंय, सण कुठले होतात, फुलं कोण घेतं. आमचा धंदाच तसा. माणूस कुठला हे मला त्याच्या फुलावरून आधी कळतं आणि बोलण्यावरून नंतर.

गंगापूर रोडची नोंद अशी आहे: "सगळे आपलेच. फुलं ज्याच्या त्याच्या मळ्यातली. गिऱ्हाईक शून्य. चौकशा अकरा." त्या अकरा चौकशांत माझ्या कपाळाच्या दोन, आणि मी दुसरं लग्न करणार का ही एक.

सातपूरची नोंद दीड पान आहे. पहिल्या पाच दारांत पाच भाषा. सटाण्याकडचे अहिराणी बोलणारे, बिहारचे वेल्डर, सोलापूरचे तेलुगू विणकर, लेथ चालवणारे सरदारजी आणि केरळच्या, दवाखान्यात नर्स असलेल्या लीलाम्मा सिस्टर. ओणमला दहा दिवस रांगोळीची फुलं, नवरात्र, दिवाळी, छठ, नाताळ, बैसाखी, दर्ग्याची चादर. बारा महिन्यांत फुलाशिवायचा आठवडा नाही. चौकशी एकच झाली, लीलाम्मांनी केली: "पानी सुबह साढ़ेपाँच को आता है, आपके पास ड्रम है?"

परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "साधने, हितंच घे. आपलं गोत कुनाला ठाव नाय, मंग आपल्याला बोलनार काय?"

तेजूला आता नोकरीत पुणे की चेन्नई यातलं एक निवडायचं आहे. परवा फोनवर म्हणाली, पुण्यात आपली सगळी माणसं आहेत, चेन्नईत कोणीच नाही. बाळा, मी तुला कुठे जा ते सांगणार नाही. दोन्हीकडे एकेक रविवार जा, वही घेऊन फूलवालीपाशी बस आणि मोज.

कलम तिसरे. धोंडाबाई. माझ्या चुलतसासूबाई, वय एक्क्याऐंशी, माझ्यानंतरही असणार याची मला खात्री आहे. १९९५ साली त्यांनी गंगापूर रोडच्या ओट्यावर सर्वांसमोर विचारलं होतं, "उघड्या कपाळानं गजरे इकनार का गं? घेईल कोन?" त्यांना माझ्या हातचा एक शेवंतीचा गजरा दर शुक्रवारी पोचवण्यात यावा. इथल्या तीन गल्ल्यांतल्या नवऱ्या गेली तेरा वर्षं माझ्याच हातचे गजरे माळून लग्नाला उभ्या राहिल्या, आणि त्यांचे संसार ठीक चालले आहेत, हेही पोचवणाऱ्याने सांगावं. मी नसल्यास गजरा लीलाम्मांची मुलगी करील, तिला शिकवला आहे.

कलम चौथे. २००१ सालचं सप्तशृंगीच्या चित्राचं कॅलेंडर. हे सासूबाईंचं. याची हकीकत लिहिणं भाग आहे, कारण हे घर त्या कॅलेंडरमुळे खऱ्या अर्थाने माझं झालं.

झेंडू लावताना सण आधी आणि रोप नंतर असतं. दिवाळी कुठल्या तारखेला आहे ते बघायचं, तिथून साठ दिवस मागे मोजायचे आणि त्या दिवशी रोपं मातीत. सासरे गोटीराम हे बोटांवर करत. ते गेल्यावर २००२ साली पहिल्यांदा मी एकटीने मोजलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. सासूबाईंनी देवीचं चित्र फेकवत नाही म्हणून आदल्या वर्षीचंच कॅलेंडर ठेवलं होतं, नवं त्याच्या मागे टांगलेलं. आदल्या वर्षी अधिक महिना पडल्याने दिवाळी मध्य नोव्हेंबरात होती. २००२ ची होती ४ नोव्हेंबरला. मी दहा दिवस उशिरा लावलं. लक्ष्मीपूजनाला आमच्या वीस गुंठ्यांत नुसत्या हिरव्या कळ्या. महेशभाऊजी बांधावर उभे राहून हसले आणि मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. धोंडाबाईंचा जन्म अधिकातला, म्हणजे धोंड्याच्या महिन्यातला, म्हणून नाव धोंडाबाई. त्यांनी निरोप धाडला की सून माझाच महिना विसरली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीतल्या शारदादेवी खाली आल्या. बिहारातल्या सिवानकडच्या, नवरा रामसनेही वेल्डर, तीन वर्षांपासून माझे भाडेकरू. मी पायरीवर रडत होते. त्यांनी पाटीतली कळी उचलून वास घेतला.

"दीदी, रविवार तक खिल जाएगा?"

"खिलेगा. पर दिवाळी तो गई."

"आपकी गई," त्या म्हणाल्या. "हमारी छठ तो रविवार को है."

रविवारी पहाटे पाचला माझ्या दारात बांबूची सुपं घेतलेल्या बायकांची रांग पिंपळापर्यंत गेली होती. सातपूर, अंबड, सिडको, कुठून कुठून. नऊ वाजता एक पाकळी उरली नाही. संध्याकाळी मी शारदादेवींबरोबर गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि माझाच चुकलेला झेंडू हजार सुपांत बघत वेड्यासारखी हसत सुटले. शारदादेवी म्हणाल्या, सूर्याकडे बघा, दीदी, लोकांकडे नंतर. तेव्हापासून दरवर्षी एक तुकडा मी मुद्दाम उशिरा लावते.

कलम पाचवे. वीस गुंठे, मोटार आणि फवारणीचा पंप. जमीन तेजूची, पण आमचा मळ्यावरचा गडी वाळू ती कसतो तोवर त्याच्याकडेच राहावी. पंप त्याला कायमचा. यंदा गणपतीत मी उशिराचा तुकडा लावायला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "बाई, कोनासाठी लावता? ती लोकं तर गेली." मी म्हटलं, लाव. त्याने लावला. तो तुकडा आज पूर्ण फुलला आहे, आणि छठ मंगळवारी आहे.

कलम सहावे. किरकोळ. लीलाम्मा सिस्टरना पितळी परात. सरदारजींना वजनकाटा, त्यांनीच तो सहा वेळा दुरुस्त केला. सटाण्याच्या मोहिनीला शिलाई मशीन. सोलापूरच्या अंबुबाईंना माझी पैठणी, त्यांनी ती हातात घेऊन विणीतला दोष दाखवला होता. चक्कीवाल्याला छत्री, जी त्याचीच आहे. पिंपळ गल्लीतल्या उरलेल्या सर्व घरांना एकेक मोगऱ्याचं रोप. महेशभाऊजींना माझ्या पित्ताशयातले सात खडे, डबीसह.

कलम सातवे. वरची खोली. ही शारदादेवींना, त्या असेपर्यंत राहण्यासाठी, बिनभाड्याने.

गेल्या फेब्रुवारीत शहरात जे झालं ते मी या कागदात लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की चार दिवसांत आमच्या गल्लीतली सात दारं कुलपात गेली. रामसनेहींना रस्त्यात कोणीतरी थांबवून पत्ता विचारला. त्यांनी पिंपळ गल्ली सांगितलं. तो नाही, खरा पत्ता सांग, असं तो म्हणाला. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने दोघंही गावी गेले. शारदादेवींनी किल्ली माझ्या हातात दिली आणि सुपं गच्चीवरच ठेवली. मी खोली कोणाला दिली नाही.

सप्टेंबरात गल्लीची सभा झाली. बाहेरच्यांना यापुढे खोल्या द्यायच्या नाहीत, असा ठराव होता. मी म्हटलं, सही करते, फक्त आधी जे बाहेरून आले नाहीत त्यांनी हात वर करा. धुळे, सटाणा, सोलापूर, जळगाव, सगळे पंख्याकडे बघायला लागले. एकट्या सासूबाईंचा हात वर. मग त्याही म्हणाल्या, "मी तरी कुठली? माझं म्हायेर लासलगाव." आणि हात खाली. ठराव चहाबरोबर संपला. पण किल्ली माझ्याकडेच आहे. शारदादेवींना तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. मी शुक्रवारनंतर नसले आणि त्या आल्या, तर दार उघडणारं कोण? म्हणून हे कलम.

कलम आठवे. साक्षीदार. इथे अडचण आली. रावजी वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला काही दिलंय त्याची सही घेऊ नये, उगाच वाद होतो. मी यादी बघितली. सगळ्या गल्लीला काही ना काही दिलेलं. साक्षीला एकही माणूस शिल्लक नाही. सासूबाई हसून हसून खुर्चीवरून पडता पडता राहिल्या.

महेशभाऊजींना बोलावलं. ते दर शनिवारी मळ्यातलं दूध घेऊन येतात, तेरा वर्षं एकही शनिवार चुकला नाही, हे या कागदात राहून जाऊ नये. त्यांनी सगळं वाचलं. खड्यांपाशी थांबले.

"वहिनी, म्हणजे मला हेच?"

"तेही काढावं लागेल, भाऊजी. तुम्हाला साक्षीदार करायचंय."

"म्हणजे घर विका असं मी म्हणू नये, या कागदावर मीच सही करायची?"

मी हो म्हटलं. त्यांनी पान उलटून चौथं कलम पुन्हा काढलं. मग म्हणाले, "बांधावर मी हसायला नको होतं." आणि पेन मागितलं. सहाव्या कलमातले खडे रद्द समजावेत.

दुसरा साक्षीदार मिळेना. लिहिणं इथे थांबवलं.

पुढचं त्याच संध्याकाळी लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे ते पोटामुळे नाही. पाच वाजता गल्लीत रिक्षा आली. तिच्यातून आधी एक ट्रंक उतरली, मग रामसनेही, मग शारदादेवी. मी उठायच्या आत सासूबाई काठी न घेता दारात. शारदादेवी त्यांच्या पाया पडल्या आणि मला पहिला प्रश्न विचारला, "दीदी, फूल है?"

"पूरा खेत है," मी म्हटलं. महेशभाऊजींनी ट्रंक उचलली आणि कोणी न सांगता वर नेली.

मी त्यांना हीच वही दाखवली, सातवं कलम वाचून सांगितलं. पत्रं मिळाली होती, त्या म्हणाल्या, पण उत्तर लिहायचं तर वर पत्ता काय लिहू ते कळेना. मग आठवं कलमही सांगितलं. त्यांनी वही माझ्या हातात परत दिली.

"खोली मत दीजिए. भाड़ा तो हम देंगे ही. हमसे दस्तखत करवाइए."

"खोली सोडून सही?"

"दस्तखत के नीचे पता लिखते हैं ना?"

तेव्हा सातवं कलम शारदादेवींच्या सांगण्यावरून रद्द करते. तेजूने नोंद घ्यावी. बाकी सर्व कायम. हा माझा पहिला आणि शेवटचा कागद, निदान पुढच्या दिवाळीपर्यंत. मंगळवारी मी घाटावर उभी असेन, शुक्रवारी दवाखान्यात, आणि त्यापुढच्या शनिवारी दूध घ्यायला दारात.

आम्ही खाली सही करणाऱ्यांनी साधना विधाते यांना हे लिहिताना आणि मध्ये मध्ये हसताना पाहिलं, त्यांनी आमच्यासमोर सही केली, म्हणून आम्हीही करतो.

लिहिणार: साधना जीवन विधाते

साक्षीदार १: महेश गोटीराम विधाते, राहणार गंगापूर रोड, नाशिक.

साक्षीदार २: शारदादेवी रामसनेही प्रसाद, राहणार वरची खोली, विधाते यांचं घर, पिंपळ गल्ली, अशोकनगर, सातपूर, नाशिक.

ठिकाण: वरीलप्रमाणेच. दिनांक १ नोव्हेंबर २००८.